जर्मनीतील रोजचे जगणे

बेंगळुरू आणि जर्मनी यांचा संबंध जुना आहे. येथील लालबागेला आजचे रूप देण्यात गुस्ताव हर्मन क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाचा मोठा वाटा होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या पदरी काम केल्यानंतर ते म्हैसूर संस्थानात आले आणि 1956 मध्ये बेंगळुरूतच निवर्तले. आज या शहरातील अनेक तरुण मॅक्समुल्लर भवनात जर्मन भाषा शिकून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी त्या देशात जातात. व्याकरणाची तयारी झालेली असते. परंतु तेथे पोहोचल्यावर त्यांना चकित करतात त्या अगदी साध्या गोष्टी.

पहिले नवल दारातच भेटते. तेथील इमारतींत घरांना बहुधा क्रमांक नसतात. घंटेच्या बटणाशेजारी आणि टपालपेटीवर राहणाऱ्याचे आडनाव असते. नाव लावले नाही, तर पत्र परत जाऊ शकते. तेव्हा नावाची पट्टी लावणे, हेच नव्या घरातील पहिले काम ठरते.

दुसरे नवल रविवारचे. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात. रेल्वे स्थानके, पेट्रोल पंप आणि काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या हे त्याला अपवाद. शनिवारी किराणा आणायचा राहिला, तर सोमवारपर्यंत थांबावे लागते. यामागे केवळ रूढी नाही. रविवारच्या विश्रांतीला 1919 च्या वायमार राज्यघटनेने संरक्षण दिले आणि 1949 च्या राज्यघटनेनेही ती तरतूद कायम ठेवली. रात्री साधारणतः दहा ते सकाळी सहा या वेळेत शांतता पाळली जाते. रविवारी काचेच्या रिकाम्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकणेही वर्ज्य असते. कारण त्यांच्या खळखळाटाने शेजाऱ्यांची शांतता भंगते.

बाटल्यांची आणखी एक पद्धत आहे. पाण्याची वा शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली घेताना 25 सेंट अनामत द्यावी लागते. दुकानातील यंत्रात रिकामी बाटली टाकली, की तेवढ्या रकमेची चिठ्ठी मिळते. एकदा वापरून टाकण्याच्या बाटल्या आणि डबे यांवर अशी अनामत 2003 पासून सुरू झाली. काही लोक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता तिच्या शेजारी ठेवतात. एखाद्या गरजू माणसाला ती सहज उचलता यावी आणि चार पैसे मिळावेत, हा त्यामागचा हेतू.

बेंगळुरूच्या मेट्रोत शिरताना तिकीट दाखवून फाटक उघडावे लागते. जर्मन शहरांतील भुयारी रेल्वेला मात्र अशी फाटके नसतात. प्रवाशाने तिकीट काढले असेल, असे गृहीत धरलेले असते. अधूनमधून तपासनीस येतात आणि विनातिकीट प्रवाशाकडून 60 युरो वसूल करतात. जर्मनांच्या वक्तशीरपणाची ख्याती ऐकून आलेल्यांना आणखी एक धक्का बसतो. तेथील दूर पल्ल्याच्या गाड्या अलीकडे वारंवार उशिरा धावतात. भेटीची वेळ मात्र काटेकोरपणे पाळली जाते. पाच मिनिटे उशीर होणार असेल, तरी तसे कळवण्याची रीत आहे.

बोलण्यातील भेद मराठी माणसाला चटकन उमगतो. ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ आणि ‘डू’ म्हणजे ‘तू’. कन्नडमध्येही ‘नीवू’ आणि ‘नीनू’ आहेतच. मात्र ‘तू’ म्हणण्याचा प्रस्ताव बहुधा वयाने वा पदाने मोठ्या व्यक्तीने मांडायचा असतो. शेजारी नकार किंवा तक्रार स्पष्ट शब्दांत सांगतो. रात्री आवाज कमी करा, असे कोणी सांगितले, तर नवागताला ते परकेपणाचे बोलणे वाटते आणि एकटेपण अधिक बोचते. पण सहसा ते त्या माणसाविषयी नसून शांततेविषयी असते. हा फरक ध्यानात आला, की त्याच शेजाऱ्याशी दुसऱ्या दिवशी मोकळेपणाने बोलता येते.

उलट, जर्मनीहून बेंगळुरूत येणाऱ्यालाही रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी दुकाने, वाहनांचे भोंगे आणि शेजाऱ्यांची आपुलकीची चौकशी यांचे तितकेच नवल वाटते. दुसऱ्याच्या चालीरीतींना नावे ठेवण्यापूर्वी त्या कशाचे जतन करतात, हे समजून घेतले, तर परक्या गावात राहणे सोपे होते.