सशाचा रस्सा आणि तीन वर्षांची सजा

मंडळी, तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी माणूस असेल, तर आज संध्याकाळी त्याला एवढंच विचारा, "ससा खाल्लाय का कधी?" कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर, पाथर्डी, कुठल्याही कोरडवाहू गावात विचारून बघा. म्हातारं आधी इकडंतिकडं बघेल, मग गालात हसेल आणि एकदा बोलायला लागलं की अर्धा तास थांबणार नाही.

आमच्या घरात अशाच एका गप्पेतून पुढचं सगळं घडलं, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव कर्जत तालुक्यातलं. वाळवंट नव्हे, पण उन्हाळ्यात बघणाऱ्याला फरक कळणार नाही. पाऊस पडला तर वीस-बावीस इंच, नाही पडला तर नुसतंच आभाळ. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाच्या आधी, शाळू काढून रानं मोकळी झाली की आजोबा माळवदावरची वाघर खाली काढायचे. वाघर म्हणजे जाळं. मेंढरं कोंडायला धनगर लावतात तसलंच, पण बारीक विणीचं. बरोबर दोन चुलते, आम्ही चार-पाच पोरं आणि करवानी जातीची दोन कुत्री. उंच, काटक, पोट पाठीला लागलेली.

आजोबांचं गणित पक्कं होतं. सशाचे मागचे पाय लांब, त्यामुळे तो चढाला सुसाट जातो आणि उताराला अडखळतो. म्हणून वाघर कायम चढाच्या अंगाला, ओघळीच्या तोंडाशी. आम्ही पोरांनी खालून डबे वाजवत यायचं. ससा मोठा धीराचा प्राणी. गवताच्या ठोंबाआड अंगाएवढ्या खळग्यात कान पाडून बसतो आणि पाय पडायची वेळ येईपर्यंत हलत नाही. हलला की मात्र दिसतो तो फक्त धुरळा. दहा वेळा हाकारलं तर दोनदा जाळ्यात यायचा. उरलेल्या आठ वेळा आम्ही बोरं खात घरी.

आजी माळकरी. तिच्या चुलीवर असलं काही चालायचं नाही. मग अंगणात लिंबाखाली तीन दगड मांडायचे, त्यासाठीचं भगुणंही वेगळं. रानससा भरला तर दोन-अडीच किलोचा. सोलून, साफ करून हातात येतं ते त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि खाणारी तोंडं अकरा! त्यात सशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, मांस कोरडं पडतं. म्हणून आई भाजलेलं खोबरं, शेंगदाण्याचं कूट आणि सढळ हाताने येसर घालून पातळ रस्सा वाढवायची. फोडी चुलत्यांच्या ताटात, रस्सा आमच्या. त्यात भाकरी कुस्करायची आणि वाटी तोंडाला लावायची. आज ऐंशी ओलांडलेली आई म्हणते, "अरे, चव सशाची नव्हती, येसराची होती. आणि भुकेची." मला ते पटत नाही, पण तिच्याशी वाद घालत नाही.

पावसाळ्यात वाघर बाहेर निघायची नाही. तुम्ही म्हणाल, केवढं हे निसर्गाचं भान! तसं काही नव्हतं. पेरणी-खुरपणीत हातच मोकळे नसायचे. पण त्यामुळे ससा वाचायचा हे खरं. पुढं १९७२ साल उजाडलं. माळावर गवताची काडी राहिली नाही. घरातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, खायला मिलो आणि सुकडी. आजोबा तीन दिवस वाघर घेऊन फिरले आणि रिकाम्या हाताने आले. वाघर जी माळवदावर गेली ती गेलीच.

हे सगळं मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरच्या पोरांना रंगवून सांगितलं. जरा जास्तच रंगवून. पोरं ऐकत होती, मला वाटलं करमणूक झाली. आठवड्याभरात माझा चुलत पुतण्या आणि त्याचे तीन मित्र दोन मोटारसायकली आणि झोताची मोठी बॅटरी घेऊन रात्री माळावर गेले. अंधारात डोळ्यांवर उजेड पडला की ससा जागीच थिजतो. त्याला पळायची संधीच नाही. एका रात्रीत चार ससे. वर मोबाईलवर चित्रण आणि ते सगळ्या गावाला दाखवायला लावलेलं! तिसऱ्या दिवशी जीप दारात उभी. गाड्या जप्त, पोरं कोर्टात, मग जामीन, मग तारखा. पुतण्या पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे चारला उठून पळत होता. चारित्र्य पडताळणीचा कागद आता कसा येणार, हा प्रश्न त्याच्या बापाने मला अजून विचारलेला नाही. विचारत नाही, हेच जास्त लागतं.

"सशासाठी एवढं?" असं पारावर म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणून कायदा काय आहे ते नीट वाचा. मुंबई राज्याचा वन्यप्राण्यांसाठीचा कायदा १९५१ चाच, पण माळावर तो कुणाला ठाऊक होता? १९७२ साली देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही काही प्राण्यांची शिकार परवाना काढून करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, ससा दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिकार अभयारण्याच्या हद्दीत झाली, मग ते रेहेकुरी असो की माळढोकचं, तर कैद किमान तीन वर्षे. आणि कायद्याच्या लेखी शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. फासा लावणं, हाकारणं, कुत्रं मागे सोडणं, नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. गुन्ह्यात वापरलेली गाडी सरकारजमा होऊ शकते. घरात मांस सापडलं तर ते आपल्याकडे कसं आलं हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींना एक वेगळं सांगायचं आहे. माळावर फासा सापडला की पहिलं बोट पारध्याच्या पालाकडे जातं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे त्यात पारधीही गोवले गेले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, बोट मात्र अजून तिकडेच जातं. आमच्या गावातही त्या दोन दिवसांत तेच झालं. पालावर जाऊन दमदाटी करून आले लोक. चित्रण बाहेर आलं आणि त्यात आपलीच पोरं निघाली, तेव्हा पालावर जाऊन चूक झाली म्हणायला कुणीही गेलं नाही. मीही गेलो नाही.

आता शेतकऱ्याची बाजू. ससा पिकाला त्रास देतो, हे मी नाकारत नाही. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडतो, डाळिंबाच्या नव्या रोपांची साल कुरतडतो. त्याला साधा उपाय आहे. रोपाभोवती दोन फूट उंचीची बारीक जाळी, नाहीतर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. क्लच वायरचा फासा मात्र लावू नका. त्यात तुमचंच कुत्रं अडकतं, आणि अशा फाशात बिबटे अडकल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. कोल्हा, खोकड, लांडगा, माळावरचे गरुड, सगळ्यांच्या पोटाला ससा लागतो. तो संपला तर लांडगा उपाशी बसणार नाही, तुमच्या करडाकडे बघेल.

काढणीच्या वेळी बांधालगत सशाची पिलं सापडतात. पाळीव पांढरा ससा बिळात राहतो, त्याची पिलं उघडीवाघडी, डोळे मिटलेली असतात. आपला मानेवर काळा डाग असलेला रानससा बीळ करत नाही. त्याची पिलं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि उघड्यावर नुसती बसून राहतात. आई मेली असेल असं समजून ती घरी आणू नका. ती लांब असते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. तेवढा एक सरा दुसऱ्या दिवसावर ठेवा. जखमी ससा दिसला तर वन खात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. आणि ग्रामपंचायतीत जैवविविधतेची लोकनोंदवही असते, २००२ च्या कायद्याने आलेली. ती कपाटातून काढून बघा, तुमच्या माळावरचा ससा तिच्यात लिहिलाय का. आमच्या गावच्या वहीत नव्हता, गेल्या ग्रामसभेनंतर लिहून घेतला.

पुतण्याची पुढची तारीख लागली आहे, त्याच्याबरोबर मी जाणार आहे. आजोबांची वाघर मागच्या महिन्यात मी माळवदावरून खाली काढली. दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडली होती. आईने सुतळीने सांधून दिली. सध्या ती परसात डाळिंबाच्या चाळीस रोपांभोवती उभी आहे.