युरोपातील रग्बी : बळाचा हिशेब आणि कारभाराची घडी

सन १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्याच्या मैदानावर एका बाजूस वीस इंग्रज आणि दुसऱ्या बाजूस स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स या तिन्ही मुलखांतले मिळून वीस गडी असा रग्बीचा सामना झाला. त्या उत्साहाच्या भरात पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लबाची स्थापना झाली. परंतु पलटणी बदलून गेल्या, बंगालच्या उन्हाळ्यास पोलो आणि टेनिस अधिक मानवले, सभासद रोडावले, आणि पाच वर्षांच्या आत क्लब मोडण्याची पाळी आली. तेव्हा खात्यावर उरलेली शिल्लक वाटून न घेता चालकांनी ती चांदीच्या रुपयांत काढली आणि ते दोनशे सत्तर रुपये वितळवून एक चषक घडविला. त्याला तीन नागांच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती उभा आहे. इंग्लंड व स्कॉटलंड हे दोन देश १८७९ पासून दरसाल ज्या मानचिन्हासाठी झुंजत आले आहेत, ते हे ‘कलकत्ता कप’ नामक पात्र अशा रीतीने अस्सल हिंदुस्थानी चांदीचे आणि हिंदुस्थानी कारागिरीचे आहे. ज्या खेळाच्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय मानचिन्हाची चांदी आपल्या टांकसाळीतून गेली, त्या खेळाच्या युरोपीय दरबाराची हकिगत मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही.

मद्रासेचा या खेळाशी असलेला संबंधही कमी जुना नाही. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास जिमखान्याने कूवम नदीच्या प्रवाहांनी वेढलेल्या ‘आयलंड ग्राउंड्स’च्या परिसरात हा खेळ जोपासला. पुढे गोऱ्या अंमलदारांची व मळेवाल्यांची जागा येथील तरुणांनी घेतली, आणि मुंबई व कोलकाता यांच्या बरोबरीने हे शहर अखिल भारतीय स्पर्धेच्या नकाशावर राहिले. भारताचा राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो मात्र १९९८ साली, सिंगापूरविरुद्ध. नट म्हणून सर्वांस परिचित असलेले राहुल बोस त्या संघात होते. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या रग्बी प्रीमियर लीगचे विजेतेपद ‘चेन्नई बुल्स’ने पटकावले, तेव्हा क्रिकेटवेड्या चेन्नईतही चार लोक या खेळाविषयी चौकशी करू लागले. परंतु ती लीग सात-सात गड्यांची होती. युरोपातल्या राष्ट्रांचे बळ ज्यात मोजले जाते तो खेळ पंधरा गड्यांचा आहे, आणि पंधरांचा खेळ ही गोष्टच निराळी.

सातांच्या खेळात वेगवान धावपटू संघाला तारून नेतो. पंधरांच्या खेळात ऐंशी मिनिटे चालणाऱ्या रेटारेटीचा भार आठ फॉरवर्डांच्या खांद्यांवर असतो. स्क्रमच्या वेळी दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी एकमेकांत गुंतून वाकतात. एकेका बाजूचे वजन नऊशे किलोंच्या आसपास भरते. आणि तो सगळा दाब पहिल्या रांगेतल्या तिघांच्या माना व पाठी यांवर येतो. हे तिघे तालमीतल्या मल्लांप्रमाणे वर्षानुवर्षे मुरावे लागतात; विशीतला प्रॉप, म्हणजे या रांगेच्या कडेचा गडी, कितीही दांडगा असला तरी तिशीच्या कसलेल्या प्रॉपपुढे गुडघे टेकतो. त्यातच आठ राखीव खेळाडू ताज्या दमाने उतरविता येत असल्यामुळे तेविसांचा चमू लागतो, आणि दुखापतींचे प्रमाण पाहता त्या तेविसांच्या मागे तितकेच तयार खेळाडू हाताशी असावे लागतात. म्हणून राष्ट्राचे सामर्थ्य त्याच्या लोकसंख्येवरून किंवा एखाद्या असामान्य खेळाडूवरून ठरत नाही. हे खेळाडू कोण घडवितो, त्यांचा तनखा कोण देतो आणि राष्ट्रीय संघासाठी त्यांना मोकळे करण्याचा अखत्यार कोणाकडे आहे, या दप्तरी प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते, असे माझे ठाम मत आहे. आजवरच्या दहा विश्वचषकांपैकी केवळ एकच, २००३ चा, युरोपात आला व तो इंग्लंडने आणला. उरलेले नऊ दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांनी वाटून घेतले. युरोपात पैसा आणि प्रेक्षक अधिक असूनही असे व्हावे, याचे कारण त्या कारभारातच शोधले पाहिजे.

आयर्लंडपासून आरंभ करू, कारण कारभाराची घडी तेथे सर्वांत नीट बसली आहे. स्वतंत्र प्रजासत्ताक आणि ब्रिटिश अमलाखालील उत्तर आयर्लंड हे राजकारणात विभागलेले दोन भाग रग्बीत एका संघाने खेळतात, आणि त्या अखंड बेटाची वस्ती सत्तर लाखांच्या घरात, म्हणजे चेन्नई महानगराहूनही कमी आहे. लिन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर व कॉनक्ट हे चार प्रांतिक संघ राष्ट्रीय संघटनेच्या ताब्यात असून प्रमुख खेळाडूंचा करार थेट संघटनेशीच असतो. कोणी किती सामने खेळावेत व केव्हा विश्रांती घ्यावी, हे ती ठरविते. चेन्नईच्या वाचकाला येथील जुनी क्रिकेट लीग आठवेल: कंपन्या व बँका खेळाडूंना नोकरीत घेत आणि त्या निश्चिंतीवर खेळाडूंच्या पिढ्या घडत. आयर्लंडने तीच निश्चिंती एका संघटनेच्या छत्राखाली आणली, आणि निवृत्त होणाऱ्या व्यावसायिक खेळाडूस प्राप्तिकराचा काही भाग परत मिळण्याची सवलत देऊन सरकारच्या महसूल खात्यानेही हातभार लावला. या व्यवस्थेची फळे उघड दिसली. २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या भूमीवर मालिका जिंकली, २०२३ मध्ये ‘सिक्स नेशन्स’ या सहा युरोपीय राष्ट्रांच्या वार्षिक स्पर्धेतले सर्व सामने जिंकून ग्रँड स्लॅम साधला, सलग सतरा कसोटी सामने जिंकले. आणि मग त्याच वर्षी पॅरिस येथे विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडकडून २८-२४ असा पराभव झाला. या फेरीपलीकडे आयर्लंड आजतागायत गेलेला नाही. माझ्या मते पुढील काळाची खरी चिंता निराळी आहे: राष्ट्रीय संघाचा फार मोठा भाग एकट्या लिन्स्टरमधून, तेही डब्लिनच्या मोजक्या खाजगी शाळांतून येतो. संघाचा आधारस्तंभ जॉनी सेक्स्टन २०२३ मध्ये निवृत्त झाला. पीटर ओमाहोनी, कॉनर मरे, किअन हीली २०२५ मध्ये गेले. इतक्या अरुंद पाटातून येणारे पाणी एखाद्या वर्षी आटले तर दुसरी विहीर जवळ नाही.

फ्रान्सची व्यवस्था याच्या अगदी उलट. तेथे सत्ता क्लबांची. ‘टॉप १४’ नामक साखळी ही रग्बीजगतातील सर्वांत धनाढ्य साखळी आहे, आणि एके काळी तिच्यात परदेशी खेळाडूंची इतकी गर्दी झाली होती की देशी तरुणास जागा मिळेना. मग स्वदेशी प्रशिक्षण केंद्रांत घडलेले खेळाडूच चमूत बहुसंख्य असावेत असा दंडक घातला गेला, आणि दशकभरात त्याचे परिणाम दिसले: वीस वर्षांखालील जागतिक अजिंक्यपद २०१८, २०१९ व, मधली वर्षे स्पर्धाच न भरल्यामुळे, लगेच २०२३ असे ओळीने तीनदा फ्रान्सकडे आले. २०२५ च्या ‘सिक्स नेशन्स’मध्ये इंग्लंडकडून एका गुणाने हरूनही फ्रान्सने एकंदर तीस ट्राय (प्रतिपक्षाच्या रेषेपार चेंडू टेकविणे) करीत विजेतेपद मिळविले, डब्लिनमध्ये कर्णधार आंत्वान द्युपाँ गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेल्यावरही त्या दिवशी आयर्लंडला ४२-२७ असे नमविले. द्युपाँसारखा खेळाडू गमावूनही ज्याचा वेग मंदावत नाही, त्या संघाची खोली वेगळ्या मोजमापाने सिद्ध करण्याची गरज नाही. तरीही १९८७, १९९९ व २०११ असे तीन अंतिम सामने हरलेल्या आणि २०२३ मध्ये मायभूमीवर दक्षिण आफ्रिकेकडून २९-२८ असा एका गुणाने बाद झालेल्या या राष्ट्राची क्लबे आपल्या खेळाडूंकडून वर्षभर इतके काम घेतात की उन्हाळी दौऱ्यावर दुय्यम संघ पाठवावा लागतो. जुलै २०२५ मध्ये न्यूझीलंडात तेच घडले व तिन्ही कसोट्या गेल्या.

इंग्लंडकडे खेळाडूंची संख्या सर्वांत मोठी, पण घर विस्कटलेले. २०२२ च्या शरदात वूस्टर व वॉस्प्स आणि २०२३ मध्ये लंडन आयरिश अशी तीन नामांकित क्लबे कर्जापायी बुडाली आणि पहिल्या दर्जाच्या साखळीत दहाच क्लबे उरली. परंतु या संकटानेच राष्ट्रीय संघटना आणि क्लबे यांना एका मेजाशी बसविले. २०२४ च्या करारान्वये पंचवीसपर्यंत निवडक खेळाडूंवर राष्ट्रीय प्रशिक्षकाचा अधिकार वाढला. २०२५ मध्ये इंग्लंडने फ्रान्सला हरविले, कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध ६८ गुण केले, आणि संयुक्त ब्रिटिश-आयरिश लायन्स संघात मोठे खेळाडू गेलेले असतानाही अर्जेंटिनात दोन्ही कसोट्या जिंकल्या. येत्या विश्वचषकात फ्रान्सच्या खालोखाल मी इंग्लंडलाच धरतो.

स्कॉटलंडबद्दल थोडक्यात सांगायचे तर एडिनबरा व ग्लासगो या दोनच व्यावसायिक संघांवर उभ्या असलेल्या देशाने २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षे कलकत्ता कप राखला, ही कामगिरी मोठीच. परंतु १९९९ नंतर त्याला अजिंक्यपद मिळालेले नाही, आणि इतक्या तुटपुंज्या फळीवर ते मिळणे कठीण आहे.

वेल्सची कथा मन विषण्ण करणारी आहे. कोळशाच्या खाणींच्या दऱ्याखोऱ्यांत गावोगावी क्लब होते आणि त्या क्लबांवर लोकांचा जीव होता. २००३ मध्ये त्यांच्या डोक्यावर नवे प्रादेशिक संघ बसविण्यात आले. पाचांपैकी एक वर्षभरातच मोडला, आणि उरलेल्या चारांशी जुन्या निष्ठा पुरत्या जुळल्याच नाहीत. तरी २००५ ते २०१९ या अवधीत एका असामान्य पिढीने चार ग्रँड स्लॅम जिंकले आणि खालची पोकळी झाकून ठेवली. ती पिढी निवृत्त होताच ऑक्टोबर २०२३ पासून सलग अठरा कसोटी पराभव झाले. ही मालिका जुलै २०२५ मध्ये जपानातील कोबे येथे संपली. कार्डिफचा संघ दिवाळखोरीत निघून संघटनेला विकत घ्यावा लागला, आणि २०२५ मध्ये संघांची संख्या घटविण्याचे ठरले.

याच वेल्सच्या अंगणात इटलीचे भाग्य फिरले. २०१५ पासून ‘सिक्स नेशन्स’मध्ये ओळीने छत्तीस सामने हरलेला तो संघ मार्च २०२२ मध्ये कार्डिफला शेवटच्या क्षणांत सहा गुणांनी मागे होता. अंगाने किरकोळ असा आंज कापुओत्सो आपल्याच अर्ध्या भागात चेंडू घेऊन निघाला, वेल्सच्या खेळाडूंना चकवीत कडेने पुढे सरकला आणि ऐन वेळी चेंडू आत पादोवानीच्या हाती दिला. ट्राय झाला, गार्बिसीने वरचे दोन गुण मिळविले, आणि २२-२१. इटलीचा तो केवळ दैवयोग नव्हता, कारण त्यामागे तरुण संघांची आणि प्रशिक्षणकेंद्रांची काही वर्षांची मेहनत होती: २०२४ मध्ये स्कॉटलंड व वेल्स यांना हरवून फ्रान्सशी बरोबरीही साधली. रोममध्ये २०२५ साली फ्रान्सने ७३ गुण चढविले हे खरे. पण चढण चालू आहे.

आणि जॉर्जिया. चेन्नई शहराहूनही कमी वस्तीच्या या देशातील गुरिया प्रांतात, शुखुती गावी ईस्टरच्या दिवशी मातीने भरलेला सोळा किलोंचा चामडी गोळा गावाचे दोन पक्ष रेटीत नेतात, आणि जिंकलेला पक्ष तो गावातल्या एखाद्या मृताच्या थडग्यावर वाहतो. अशा मातीतून निघालेले प्रॉप आज फ्रेंच क्लबांच्या स्क्रमचा कणा आहेत. २०२२ मध्ये या संघाने जुलैत इटलीला आणि नोव्हेंबरात कार्डिफमध्ये वेल्सला १३-१२ असे हरविले. तरी त्याला ‘सिक्स नेशन्स’चे दार बंद आहे, कारण ती स्पर्धा सहा संघटनांची खाजगी मालमत्ता असून २०२१ पासून तिच्यात सीव्हीसी नामक गुंतवणूक कंपनीचा सातवा हिस्सा आहे, रोम किंवा कार्डिफचा सामना उत्पन्नातून जावा असे त्या सातांपैकी कोणासही वाटणार नाही. २०२६ च्या जुलैत बारा राष्ट्रांची नवी ‘नेशन्स चॅम्पियनशिप’ सुरू होत आहे, तिच्यातही चढ-उताराची सोय २०३० पर्यंत नाही. २०२३ च्या विश्वचषकात पोर्तुगालने फिजीला २४-२३ असे हरविले, २०२७ साठी विश्वचषकाची दारे चोवीस संघांना उघडली असून स्पेनही १९९९ नंतर प्रथमच तेथे पोहोचला आहे. म्हणजे बाहेर ताटकळणारा जॉर्जिया एकटा राहिलेला नाही.

पात्रता नसलेल्यास आत घ्या, असे कोणी म्हणत नाही. सहांतला शेवटचा आणि बाहेरच्यांतला पहिला यांचा दरसाल एक सामना व्हावा, एवढीच मागणी आहे. मार्च २०२५ मध्ये तिबिलिसीत स्पेनला हरवून जॉर्जिया बाहेरच्यांचा विजेता ठरला, आणि त्याच महिन्यात पाचही सामने गमावून वेल्स सहांच्या तळाशी गेला. त्या दोघांचा सामना त्याच वर्षी लागायला हवा होता, आणि तो कार्डिफला लागता तरी जॉर्जियाने आनंदाने पत्करला असता.