चढाच्या वाटेसाठी सायकल घेताना

बालाघाटाच्या चढावरून शाळेला जाणाऱ्या मुलासाठी गिअरची सायकल घेताना रंगाला भुलू नका. लहान कारखान्याची सायकलही टिकते. मात्र २६ इंची टायर, साखळी, ब्रेकचे रबर तालुक्याच्या दुकानात मिळणारेच हवेत. अ‍ॅटलससारख्या नामांकित कंपनीचा साहिबाबादचा कारखानाही ३ जून २०२० रोजी बंद पडला. बाभळीचा काटा तर कंपनी पाहून टोचत नाही! चाक उचलून फिरवा. डगमगले तर घेऊ नका. मडगार्ड व टायरमध्ये बोटभर जागा हवी, नाहीतर पावसात काळी माती अडकून चाक जाम होते. स्वस्त शॉकअपने नुसते वजन वाढते. वाढते अंग म्हणून मोठी सायकलही नको. दांड्यावर उभे राहून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत.