पोच आल्याशिवाय पुढचा ट्रक नाही!

मुलांनो, आंब्याच्या हंगामात रत्नागिरीहून वाशीच्या बाजाराकडे ट्रकामागून ट्रक निघतात. आता एक विचित्र बागायतदार डोळ्यांसमोर आणा. तो एक ट्रक पाठवतो आणि 'माल मिळाला' अशी दलालाची पोच हातात पडेपर्यंत दुसरा ट्रक भरतच नाही! महामार्ग चौपदरी करा नाहीतर आठपदरी, त्याचा माल काही लवकर जायचा नाही. रस्ता रिकामा, आणि इकडे आंबे अढीत पिकून चाललेत.

संगणकांचंही असंच होतं बरं का! मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत अणूहूनही सूक्ष्म कणांच्या टकरी घडवतात. तिथल्या 'सीएमएस' प्रयोगाची माहिती साठवण्याचं आणि तपासण्याचं काम जगभरच्या केंद्रांत वाटलेलं आहे, त्यातलं एक केंद्र या संस्थेत आहे. फायली प्रचंड, आणि मध्ये हजारो किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तरी केबलचे वळसे धरून जाऊन-येऊन समजा ०.१५ सेकंद लागतात.

एवढंसंच ना? थांबा. 'टीसीपी' नावाच्या नियमांप्रमाणे पाठवणारा संगणक फाइलचे तुकडे करतो, काही तुकडे पाठवतो आणि पोचेची वाट बघतो. पोच येण्याआधी किती माल वाटेत असू द्यायचा, याला मूळ नियमांत मर्यादा होती ६५,५३५ बाइटची. म्हणजे दर ०.१५ सेकंदाला एकच ट्रक! या हिशेबाने १ गिगाबाइटची फाइल जायला ३८ मिनिटं लागतील. १० गिगाबिटच्या केबलमधून ती खरं तर एका सेकंदाच्या आत जायला हवी. (जाहिरातीत मात्र रस्त्याची रुंदी तेवढी सांगतात. पालकांनीही हे ध्यानात घ्यावं.)

१९९२ साली ही मर्यादा सुमारे १ गिगाबाइटपर्यंत वाढवायची सोय झाली. आपली केबल भरलेली ठेवायला सुमारे १८८ मेगाबाइट माल सतत वाटेत हवा. पोच येईपर्यंत त्याची प्रत पाठवणाऱ्याने सांभाळायची, कारण तुकडा हरवला तर पुन्हा पाठवायला नको का?

आणि तुकडा हरवला की खरी कटकट! रस्त्यात कोंडी झाली असं समजून जुन्या पद्धतीचा टीसीपी वेग एकदम निम्मा करतो. मग दर फेरीला एकेक तुकडा वाढवत जातो. १,५०० बाइटचे तुकडे धरले, तर पुन्हा पूर्ण वेग गाठायला अडीच तासांहून जास्त वेळ जातो. एका तुकड्यापायी! म्हणून 'ग्रिडएफटीपी' या पद्धतीत एकाच फाइलचे भाग अनेक प्रवाहांतून एकदम पाठवू लागले. एका प्रवाहात गडबड झाली तर तो एकटाच मंदावतो, बाकीचे चालू राहतात.

आता वही काढा. मर्यादा तीच, ६५,५३५ बाइटची. पण संगणक रत्नागिरी आणि मुंबईत ठेवा, नि जाऊन-येऊन ०.००४ सेकंद धरा. १ गिगाबाइटला किती वेळ लागेल? उत्तर साधारण एक मिनिट यायला हवं.