‘सेट’ची नोंद

कोशाच्या कामात लांबलचक शब्द सोपे जातात. ‘फोटोसिंथेसिस’पुढे ‘प्रकाशसंश्लेषण’ लिहिलं की पुढच्या नोंदीकडे वळता येतं. घाम काढतात ते दिवसातून दहा वेळा तोंडी येणारे, एका दमात उच्चारून संपणारे शब्द. इंग्रजी-मराठी कोशासाठी मी सध्या ‘सेट’ची नोंद करते आहे. टेबलावर चिठ्ठ्यांचे गठ्ठे मांडलेले आहेत आणि त्यांच्यासाठी भर उकाड्यात पंखा बंद आहे.

पद्धत जुनीच आहे, एका चिठ्ठीवर एक वाक्य. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशाचं संपादन हाती घेतलं, तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्यांना आवाहन करून अशाच चिठ्ठ्या मागवल्या होत्या. वर कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, पुस्तक, पान आणि मग पुरं वाक्य. लाखांनी चिठ्ठ्या आल्या. त्या लावायला मरे यांनी पत्र्याची एक खोली बांधली आणि खाऊच्या पैशांवर त्यांची मुलंसुद्धा चिठ्ठ्या निवडायला बसू लागली. ‘सेट’ मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही, तो भाग हेन्री ब्रॅडली यांनी संपादित केला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आहेत आणि नोंद जवळपास ६०,००० शब्दांची. पुढे ‘रन’ने त्यालाही मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या संपादकांनी त्या क्रियापदावर नऊ महिने घालवले आणि ६४५ अर्थ वेगळे केले. नऊ महिने का लागतात, ते या टेबलापाशी बसल्यावर कळतं.

पहिली चाळणी व्याकरणाची: क्रियापद, नाम, विशेषण. मग सकर्मक आणि अकर्मक. खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रत्येक वाक्य मनात मराठीत म्हणून बघायचं आणि कुठलं क्रियापद आपोआप तोंडात येतं ते चिठ्ठीच्या मागे लिहायचं. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे, हा झाला ‘लावण्या’चा गठ्ठा. छापखान्यातले खिळे जुळवणे, परीक्षेचा पेपर काढणे, जेवणाची ताटं मांडणे, लग्नाची तारीख ठरवणे या सुट्या चिठ्ठ्या. सूर्य मावळणे अर्थातच वेगळं. आणि मग हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे.

या शेवटच्या गठ्ठ्यापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चं प्रयोजक रूप आहे. जुन्या इंग्रजीत ते ‘सेत्तान’ असं होतं आणि त्याचा अर्थ ‘बसायला लावणे’. मराठीत ‘बसणे’वरून ‘बसवणे’ होतं तसंच. आज इंग्रजी बोलणाऱ्याला ही दोन क्रियापदं एकमेकांची कुणी आहेत हे सहसा जाणवत नाही. घरात गणपती बसवणाऱ्या मराठी माणसाला ते सांगावंच लागत नाही. म्हणून वापर थोडा कमी असला तरी ‘बसवणे’ मी नोंदीत पहिलं ठेवलं आहे. बाकीचे अर्थ त्याच्यामागून समजत जातात.

आणखी खाली गेलं तर संस्कृतातला ‘सद्’ भेटतो: सीदति म्हणजे बसतो, सादयति म्हणजे बसवतो. सदन, परिषद, संसद, उपनिषद ही सगळी त्याच धातूची संतती. ‘प्रसन्न’सुद्धा. गाळ खाली बसून निवळलेलं पाणी ते प्रसन्न पाणी.

आता नाम. कपबश्यांचा सेट, टेनिसमधला सेट, गणितातला सेट, ज्याला आपण संच म्हणतो. हा शब्द दिसायला तोच असला तरी त्याची वाट निराळी आहे. लॅटिनमध्ये ‘सेक्ता’ म्हणजे कुणाच्या तरी मागून जाणारी मंडळी. फ्रेंचमधून तो इंग्रजीत ‘सेट’ होऊन आला. त्यामागचा लॅटिन धातू आणि संस्कृतातला ‘सच्’ एकाच मुळाचे. सचिव म्हणजे मुळात सोबत चालणारा. एक सेट संसदेच्या घराण्यातला, दुसरा सचिवाच्या! पण लोकांनी पुढे एकत्र मांडून ठेवलेल्या वस्तूंनाही सेट म्हटलं आणि दोन ओढ्यांचं पाणी मिसळावं तसे हे दोन शब्द मिसळले. कपबश्यांच्या चिठ्ठीपुढे ‘मांडलेल्या’ लिहावं की ‘सोबतच्या’, याचा निवाडा आता कुणालाच करता येणार नाही. मी दोन्हीकडचा संदर्भ दिला आहे.

टेबलाच्या डाव्या बाजूला एक खोकं आहे. त्यात मराठी वाक्यांतले ‘सेट’ साठवते. सेट परीक्षेच्या चिठ्ठ्या लगेच बाजूला निघाल्या, कारण तो मुळी शब्दच नाही, तीन आद्याक्षरं आहेत. ‘दही छान सेट झालं’ आणि ‘मुलगा पुण्यात सेट झाला’ यांनी मात्र एक अख्खी दुपार घेतली. दोन्ही अकर्मक, दोन्हींत हलती गोष्ट थांबते. जुनी मराठीही दोन्हीकडे ‘लागणे’च देते: दही लागलं, मुलगा मार्गी लागला. तरी मी ते वेगळे केले. दह्याच्या वाक्यात फक्त घट्टपणा आहे. मुलाच्या वाक्यात नोकरी, राहती जागा आणि बहुतेक वेळा लग्नही न सांगता आलेलं असतं. इंग्रजी तिथे ‘सेटल’ वापरते. जुन्या इंग्रजीत आसनाला ‘सेत्ल’ म्हणत, त्यावरून आलेला हा त्याच कुळातला शब्द. मराठी बोलण्यात ‘सेट’ने ‘सेटल’ची बरीचशी जागा घेतली आहे आणि ही मला फार जिवंत गोष्ट वाटते. उसना शब्द इथे येऊन नवी कामं करू लागला, तर कोशाने ती कामं मानाने नोंदवली पाहिजेत.

खोक्याच्या तळाशी ‘सेटिंग’ आहे. ‘त्याची आत सेटिंग आहे’ म्हणजे गुपचूप केलेला बंदोबस्त. ‘त्या दोघांची सेटिंग जमली’ म्हणजे कॉलेजच्या कट्ट्यावरचं प्रेम. हे अर्थ इंग्रजीने दिलेले नाहीत, ते इथेच घडले. त्यामुळे या चिठ्ठ्या इंग्रजी-मराठी कोशात जाणार नाहीत. त्यांना मराठी कोशात मराठी शब्द म्हणून स्वतःची नोंद हवी. तिचा कच्चा मसुदा मी करून ठेवला आहे. चिठ्ठ्यांमध्ये ‘सेटिंग लावली’ आहे तसं ‘सेटिंग लावलं’ही आहे. लिंगाच्या रकान्यात तूर्त दोन्ही लिहिलं आहे, आधी स्त्री., मग न.