सुब्रत मित्र यांची प्रकाशदृष्टी : छायालेखकाच्या प्रेरणेचा विचार

चित्रपट ही अनेकांच्या सहकार्याने सिद्ध होणारी कला असल्यामुळे तीत छायालेखकाचे कर्तृत्व कोठे सुरू होते व कोठे संपते, हे ठरविणे सोपे नाही. कथा लेखकाची, मांडणी दिग्दर्शकाची, अभिनय नटांचा. मग छायालेखकाच्या वाट्याला यंत्र चालविण्याचे कौशल्यच तेवढे उरते, असा समज होणे स्वाभाविक आहे. याउलट, डोळ्यांत भरणारी सुंदर दृश्ये निर्माण करणे हेच छायालेखकाचे कार्य, असेही काही जण मानतात. सुब्रत मित्र (१९३०–२००१) यांच्या कार्याचा विचार केला असता हे दोन्ही समज अपुरे ठरतात.

मित्र हे मूळचे विज्ञानाचे विद्यार्थी. चित्रपट पाहता पाहता त्यांना छायालेखनाची ओढ लागली. परंतु या व्यवसायात साध्या साहाय्यकाचेही काम त्यांना मिळेना. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार हे १९४९-५० च्या सुमारास ‘द रिव्हर’च्या चित्रणासाठी बंगालमध्ये आले, तेव्हा तेथेही त्यांना काम मिळाले नाही; निरीक्षक म्हणून उपस्थित राहण्याची अनुमती मात्र मिळाली. दिव्यांच्या जागा, नटांच्या हालचाली व कॅमेऱ्याची स्थाने यांच्या आकृत्या ते तेथे वहीत काढीत असत. सत्यजित राय यांचा परिचय याच काळातला. १९५२ साली ‘पथेर पांचाली’च्या चित्रणास आरंभ झाला, तेव्हा मित्र जेमतेम २२ वर्षांचे होते आणि चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनी तोवर कधी चालविलेला नव्हता. शिकण्यापूर्वी पाहणे घडले, हा क्रम त्यांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. रूढ तंत्राचे संस्कार नसल्यामुळे त्या तंत्रातील सोयी त्यांना नियम वाटल्या नाहीत.

या दृष्टीची खरी कसोटी १९५६ च्या ‘अपराजितो’ने घेतली. कथेतील ब्राह्मण कुटुंब काशीतील एका जुन्या घरात राहते. अशा घरांच्या मधोमध चौक असतो, आणि भोवतालच्या खोल्यांना व ओवऱ्यांना जो उजेड मिळतो, तो या चौकावरील आकाशाच्या तुकड्यातून झिरपत येतो. हा उजेड एका बिंदूतून येत नाही. संपूर्ण आकाशखंड हाच त्याचा उगम असतो. त्यामुळे त्यात ठळक छाया पडत नाहीत. चेहऱ्यावरील उजळ भाग व काळोखा भाग एकमेकांत हळूहळू मिसळतात. पुढे पावसाळ्याच्या भीतीने हे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारण्याचे ठरले, तेव्हा मित्र यांनी हरकत घेतली. तो उजेड स्टुडिओतील दिव्यांनी निर्माण करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

ही हरकत नुसत्या हट्टाची नव्हती. स्टुडिओतील दिवा लहान व प्रखर असतो. त्याच्या प्रकाशात प्रत्येक वस्तूची स्पष्ट कडेची छाया पडते, आणि दिवे अनेक असले म्हणजे एकाच माणसाच्या अनेक छाया भिंतीवर उमटतात. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येत नाही. तथापि ते घर खोटे आहे, हे त्याला जाणवते. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी कितीही हुबेहूब घर उभारले असते, तरी चुकीच्या प्रकाशाने त्या श्रमांवर पाणी पडले असते. अखेर मित्र यांनीच तोड काढली. चौकावर पांढरे कापड ताणून बसविण्यात आले व दिव्यांची तोंडे नटांकडे न ठेवता खालून त्या कापडाकडे वळविण्यात आली. कापडावरून परतलेला प्रकाश चौकात उतरला आणि कापड हेच आकाश झाले. या पद्धतीत प्रकाशाचा मोठा अंश वाया जातो, दिवे अधिक लागतात व मांडणीस वेळ लागतो. सोयीच्या दृष्टीने ती तोट्याचीच होती. परावर्तित प्रकाशाचा असा उपयोग पुढे सर्वत्र रूढ झाला.

या घटनेत मित्र यांची प्रेरणा स्पष्ट दिसते. ‘या दृश्यात प्रकाश कोठून येतो?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. ‘प्रकाश कसा शोभेल?’ हा नव्हे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या स्वाभाविक प्रकाशातील छायाचित्रांचा आदर्श राय व मित्र या दोघांसमोर होता. १९६२ च्या ‘कांचनजंघा’ या रंगीत चित्रपटात दार्जिलिंगचे ऊन व धुके पात्रांच्या मनःस्थितीशी जोडलेले आहे, तर १९६४ च्या ‘चारुलता’त एकोणिसाव्या शतकातील घराचे अंतर्भाग त्या घराच्याच उजेडाने उजळलेले भासतात. साधने भिन्न असली, तरी प्रश्न तोच आहे.

अशा निष्ठेची किंमतही असते. मित्र काटेकोरपणाबद्दल प्रसिद्ध होते, आणि काटेकोर माणसाचे काम घाईच्या व्यवसायात सहजी सामावत नाही. ‘चारुलता’च्या सुमारास राय स्वतः कॅमेरा चालवू लागले, १९६६ च्या ‘नायक’नंतर, १० चित्रपटांच्या सहवासानंतर, दोघांचे सहकार्य थांबले. मित्र यांनी त्यानंतरही काम केले. ‘न्यू दिल्ली टाइम्स’च्या छायालेखनाबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत कलकत्त्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत त्यांनी अध्यापनही केले. तथापि त्यांच्या योग्यतेच्या मानाने त्यांच्या चित्रपटांची संख्या अल्पच राहिली.

बोलणाऱ्याचे व्याकरण निर्दोष असेल, तर ऐकणाऱ्याचे लक्ष अर्थाकडे जाते, व्याकरणाकडे जात नाही. मित्र यांच्या प्रकाशाचेही तसेच आहे. ‘अपराजितो’ पाहणाऱ्याला सर्वजया दिसते, तिचे एकाकीपण दिसते. चौकावर ताणलेले कापड दिसत नाही. आपले श्रम कोणाला दिसू नयेत यासाठीच श्रम घेणारा कलावंत कीर्तीच्या हिशेबात मागे पडतो, हे खरे; परंतु छायालेखकाचे कर्तृत्व कोठे शोधावे, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही त्या न दिसणाऱ्या कापडातच आहे.