गुरुवारची फुंकर आणि बुधवारची फुंकर

सकाळी ८:००

दिवसाची पहिली फुंकर माणूस मारत नाही, सिरिंज मारते. बरोबर तीन लिटर हवा मावणारी मोठी सिरिंज स्पायरोमीटरला, म्हणजे फुंकर मोजणाऱ्या यंत्राला, जोडायची आणि दांडा आधी हळू, मग मध्यम, मग जोरात ढकलायचा. प्रत्येक वेळी आकडा २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत यायला हवा. खोलीचं तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब यंत्रात भरायचा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर असल्याने मुंबईचा दाब इथे चालत नाही. छातीतून येणारी हवा गरम आणि ओलसर असते, नळीत ती थंड होऊन आकसते, आणि यंत्र तो हिशेब या आकड्यांवरूनच करतं. मी हे काम कधीच घाईत उरकत नाही. एखाद्या पेंटरच्या छातीतून हरवलेले तीन-चारशे मिलिलिटर मला शोधायचे असतात. यंत्राचीच चूक तेवढी निघाली, तर शोधायला काही उरतच नाही.

सकाळी ८:४०

बाकावर सहा जण बसलेत. शेवटची सिगारेट कधी ओढली, नाश्ता भरपेट झालाय का, पंप किती वाजता घेतला, गेल्या काही दिवसांत हार्ट अटॅक किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालंय का, हे प्रत्येकाला विचारते. उंची मात्र विचारत नाही. चपला काढायला लावून मोजते, कारण अपेक्षित आकडा वय, उंची आणि स्त्री की पुरुष यावरून निघतो.

मग नाकाला चिमटा. "दादा, छाती भरून श्वास घ्या, तोंड नळीवर घट्ट मिटा, आता सोडा! जोरात, जोरात, अजून, अजून, थांबू नका!" सकाळभर माझा घसा हेच ओरडत असतो. एकूण किती हवा बाहेर पडली हा एक आकडा, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती पडली हा दुसरा. श्वासनळ्या आक्रसल्या की हा दुसरा आकडा घसरतो. हवा आत असते, पण वेळेत बाहेर पडत नाही. तीन चांगल्या फुंकरी लागतात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन फुंकरींत दीडशे मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आठ प्रयत्नांत जमलं नाही, तर मी त्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावते. दमलेल्या माणसाच्या नवव्या फुंकरीवर विश्वास ठेवता येत नाही.

सकाळी १०:३०

एका सोसायटीत हाउसकीपिंग करणाऱ्या मावशी. संडास धुताना खोकल्याची उबळ येते. "अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र टाकलं की लवकर निघतं," असं त्यांना कुणीतरी शिकवलंय. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो, हे मी त्यांना अगदी सावकाश, दोनदा सांगितलं. फवाऱ्याची बाटली सोडून कापडावर द्रावण ओतून पुसा, असंही सांगितलं. फवारलेला थेंब हवेत राहतो आणि श्वासाबरोबर आत जातो, कापडावरचा बहुतेक कापडावरच राहतो.

युरोपातल्या सहा हजारांहून जास्त माणसांची फुप्फुसं वीस वर्षं तपासत राहिलेला एक अभ्यास नॉर्वेतल्या बर्गेनच्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केला. घरात किंवा नोकरीत साफसफाई करणाऱ्या बायकांचा पहिल्या सेकंदाचा आकडा इतर बायकांपेक्षा दरवर्षी साधारण साडेतीन ते चार मिलिलिटर जास्त घसरत होता. एका वर्षात हे कळणारही नाही. मावशी मात्र हे काम आयुष्यभर करणार आहेत. त्यांचा आजचा रिपोर्ट नॉर्मल आहे. तो जपून ठेवा म्हटलं, पुढच्या रिपोर्टशी ताडायला तोच लागेल.

दुपारी १२:००

भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात बऱ्याच वर्कशॉपना सुट्टी गुरुवारी असते, म्हणून डेन्टिंग-पेंटिंगवाले आमच्याकडे गुरुवारीच येतात. सुट्टीच्या दिवशी, झोप काढून, अंघोळ करून. आमच्या कामातली सर्वांत मोठी फसगत हीच आहे, असं मला वाटतं. त्या दिवशी छाती सर्वांत बरी असते. आम्ही फुंकर घेतो, नॉर्मल लिहितो आणि माणूस शुक्रवारी पुन्हा स्प्रे गन हातात धरतो.

एका पेंटरची वही समोर आहे. वय पस्तिशीचं, मूळचा लातूरकडचा, अकरावीपासून याच कामात. गेल्या गुरुवारी त्याने पहिल्या सेकंदात ३.२० लिटर हवा सोडली होती, अपेक्षेच्या ९८ टक्के. तरी तो म्हणत होता, "मॅडम, रात्री छातीत शिट्टी वाजते. बायको उठून बसते." आमच्या डॉक्टर सरांनी त्याला फुंकरीचा वेग मोजणारं पीक फ्लो मीटर दिलं. हातात मावणारी प्लास्टिकची नळी, वीज लागत नाही. दिवसातून चार वेळा फुंकायचं आणि आकडा लिहायचा, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीलाही. त्याने मनापासून लिहिलंय. गुरुवारी दिवसभर ४७० च्या आसपास. शुक्रवारी सकाळी ४६०, रात्री ४००. सोमवारी रात्री ३६०. मंगळवारच्या चौथ्या रकान्यात ३४०, आणि शेजारी पेन्सिलने लिहिलंय: "आज क्लिअर कोट."

त्याला आज, बुधवारी, काम संपल्यावर थेट इकडे यायला सांगितलंय. दुपारपासून पंप घ्यायचा नाही, दम असह्य झाला तरच घ्यायचा.

दुपारी ३:००

सरांबरोबर त्याच्या गॅरेजवर गेले. मालकांनी आडकाठी केली नाही, चहाही पाजला. चार माणसांचा पत्र्याचा गाळा, एका कोपऱ्यात ताडपत्री लावून केलेला बूथ. एक मुलगा बंपर पॉलिश पेपरने घासत होता, ताडपत्रीपलीकडे आमचा पेंटर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारत होता. तोंडाला रुमाल.

डब्यावरची नावं वाचली. टूके पेंट दोन डब्यांतून येतो, एकात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, बहुतेक वेळा हेक्सामिथिलीन डायआयसोसायनेटच्या साखळ्या. त्यामुळेच गाडीचा रंग कडक आणि चकचकीत होतो. या साखळ्या जड असतात, सहज वाफ होत नाहीत. ब्रशने लावल्या तर श्वासात फारशा येणार नाहीत. पण गन कॉम्प्रेसरच्या दाबाने त्यांचे बारीक थेंब करते आणि ते थेंब त्यांना छातीत घेऊन जातात. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब बहुतेक नाकातोंडात अडकतात. त्याहून लहान श्वासनळ्यांत उतरतात, सर्वांत बारीक पार वायुकोशांपर्यंत.

आत गेल्यावर आयसोसायनेट श्वासनळीच्या अस्तरातल्या प्रथिनांना चिकटतं. शरीराला ती प्रथिनं परकी वाटू लागतात आणि काही माणसांचं शरीर त्यांच्याविरुद्ध तयार होतं. याला काही महिने लागतात, कधी कित्येक वर्षं. एकदा ते झालं की आधी हजार वेळा सोसलेला रंग अगदी थोड्या प्रमाणातही दम लावतो. लोकांना ही गोष्ट पटत नाही. "इतकी वर्षं काही झालं नाही" असं पेंटर म्हणतात, मालकही म्हणतात. इतकी वर्षं संपर्क आला म्हणूनच हे झालंय, हे मला दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

भोपाळमध्ये १९८४च्या डिसेंबरात गळालेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. तो वायू होता आणि त्याने एका रात्रीत हजारोंची फुप्फुसं जाळली. इथे मात्रा फार लहान आहे आणि मार्ग वेगळा, पण कुळ तेच, म्हणून सर मालकांशी बोलताना आवाज खाली आणत नाहीत.

रुमालाने काहीच अडत नाही. साधा मास्क थेंब थोडे अडवतो, वाफ अडवत नाही. कार्ट्रिजच्या मास्कचा भरवसा धरता येत नाही, कारण आयसोसायनेटचा वास सुरक्षित मर्यादा ओलांडून गेल्यावरच येतो. कार्ट्रिज संपलंय हे नाकाला वेळेत कळत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने तोंडापर्यंत आणणारा मास्क हवा, आणि हवा ओढून बाहेर टाकणारा खरा बूथ. गन थांबल्यावरही न दिसणारं धुकं बराच वेळ तरंगत राहतं. आमच्या पेंटरने मात्र गन खाली ठेवली आणि त्याच क्षणी रुमाल सोडून फिनिश बघायला वाकला. बंपर घासणाऱ्या मुलाच्या तोंडावर तर रुमालही नव्हता. त्याचं वय मी विचारलं. अठरा पूर्ण, असं मालक म्हणाले.

संध्याकाळी ५:३०

नोंदवही. १९४८च्या कारखाना अधिनियमाला जोडलेल्या सूचनीय, म्हणजे सरकारला कळवायलाच हव्यात अशा, आजारांच्या यादीतही आयसोसायनेटची विषबाधा होती. म्हणजे हा आजार कुणाला माहीतच नव्हता असं नाही. पण चार माणसांचा गाळा कायद्याच्या अर्थाने कारखाना ठरत नाही, आणि शहरातले बहुतेक पेंटर अशाच गाळ्यांत काम करतात. तिथे नोंद नाही, वार्षिक तपासणी नाही. मोठ्या कंपनीतल्या कामगाराची फुंकर दरवर्षी फाइलला लागते. यांची फाइल त्यांच्या घरच्या ट्रंकेत असेल तरच आहे.

संध्याकाळी ७:१५

तो आला. जिना चढून दोन मिनिटं बाकावर बसला, बोलला नाही. पंप सकाळपासून घेतलेला नाही, म्हणाला. साडेतीनच्या रंगकामाला पावणेचार तास झालेत. आयसोसायनेटचा दमा पुष्कळदा लगेच येत नाही, चार ते आठ तासांनी येतो. म्हणून तर माणूस रात्रीच्या खोकल्याचा दोष पंख्याला देतो, दह्याला देतो, पण दुपारच्या रंगाला देत नाही.

पहिली फुंकर खोकल्यात गेली. दुसरी, तिसरी, चौथी जमली. पहिल्या सेकंदात २.६२ लिटर. एकूण हवेशी गुणोत्तर ०.६६. सहा दिवसांपूर्वीच्या गुरुवारी हाच माणूस, हेच यंत्र, हीच खुर्ची होती, आणि आकडा ३.२० होता. स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे चार पफ दिले, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा फुंकायला लावलं. ३.०५. नळ्या बंद होताहेत आणि औषधाने उघडताहेत. गुरुवारचा नॉर्मल रिपोर्ट खोटा नव्हता, तो फक्त गुरुवारचा होता.

रात्री ८:२०

सरांनी वही आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून त्याला दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "सर, पंप घेत घेत काम केलं तर?" पंपाने रात्र निभते, आजार थांबत नाही, असं सरांनी स्पष्ट सांगितलं. संपर्क जितका लवकर तुटेल तितकी छाती सावरण्याची आशा जास्त. उशीर झाला तर काम सोडल्यावरही दमा राहतो, पुष्कळांचा राहिलाय. त्याच गाळ्यात नुसतं घासकाम करूनही भागणार नाही, धुकं ताडपत्री ओलांडतं.

"मग खायचं काय?" या प्रश्नाचं उत्तर चाचणीच्या खोलीत नसतं, तरी आम्ही तो टाळत नाही. त्याला रंगाच्या छटा जुळवायला उत्तम येतं, असं दुपारी मालकच सांगत होते. रंगाच्या दुकानात, जिथे गन चालत नाही तिथे, शेड मिक्सिंगचं काम मिळतं का, हे विचारायला सर उद्या दोघांना फोन करणार आहेत. हार्डनरचे डबे तिथे त्याने उघडायचे नाहीत, ही अट. मालकांना बूथ आणि मास्कबद्दलचं पत्र मी टाइप केलं. त्यात बंपर घासणाऱ्या मुलाची चाचणीही लिहिली, आणि वार बुधवार घातला, वेळ कामानंतरची.

दोन्ही रिपोर्टच्या प्रती पेंटरला दिल्या. वहीत पुढच्या दोन आठवड्यांचे रकाने आखले. त्यातला एक आठवडा गनपासून पूर्ण लांब राहायचं, मालकांशी सर बोलतील. चार वेळा फुंकायचं, आणि रात्रीचा आकडा झोपायच्या आधी मला मोबाइलवर पाठवायचा.